गॅरंटीचं मार्जिन

नवऱ्याला धंदा जमणार नाही हे टेलरबाईला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. पण तो एक दिवस खरोखरच धंदा करायला बसेल, हे कळायला मध्ये चोवीस वर्षं जावी लागली.

त्यातली बावीस वर्षं तो एका मोठ्या दुकानात काउंटरमागे उभा होता. टीव्ही, रेडिओ, मिक्सर, पुढे मोबाइल, असं जे जे वायरीवर चालतं ते सगळं त्यानं विकलं. गिऱ्हाइकानं विचारावं, "टिकेल ना हो?" आणि वस्तू खरंच टिकणारी असेल तरच त्यानं छातीवर हात ठेवून म्हणावं, "गॅरंटी!" नसेल तर म्हणायचा, "गॅरंटी कंपनीची आहे, माझी नाही." शहाण्याला शब्दाचा मार. लोक समजायचे आणि शेजारची वस्तू घ्यायचे. सगळा बाजार त्याला गॅरंटी म्हणूनच ओळखायचा. खरं नाव फक्त पगारपत्रकावर आणि दातांच्या डॉक्टरकडे उरलं होतं. मग मालकानं दुकानाची जागा विकली आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस घरी येऊन बसला.

सहा महिने तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. कुणी बोललं तर 'हं' म्हणायचा. चोवीस वर्षं ज्याच्या बडबडीला बाई कंटाळली होती, त्याच्या त्या एका 'हं'नं तिचा जीव नुसता टांगणीला लागला. मापं घेता घेता ती गिऱ्हाइकाची दोनदा छाती मोजायची आणि कंबर विसरायची.

सातव्या महिन्यात त्याला लिलावाची साइट सापडली. तिथं कुणीही काहीही विकायला मांडावं, लोकांनी बोली लावावी आणि ठरलेल्या वेळी घड्याळ थांबलं की सगळ्यात मोठ्या बोलीला वस्तू द्यावी. गॅरंटीनं ठरवलं की ज्यावर लोकांच्या उड्या पडतात तेवढाच माल घ्यायचा: हेडफोन, स्मार्ट घड्याळं, टीव्हीला जोडून गेम खेळायचे कन्सोल. दुकानांनी परत आलेला, खोकं फाटलेला माल ठोकभावात काढला की तो उचलायचा, साफ करायचा, तपासायचा आणि लिलावात मांडायचा. कल्पना वाईट नव्हती. पण कल्पना करणाऱ्याला तोंड होतं, आणि ते बंद राहत नव्हतं.

वस्तूखाली चार ओळींची माहिती लिहायची असते. बाकीचे लिहितात, 'एकदम नव्यासारखा, त्वरा करा.' गॅरंटी लिहायचा, 'या हेडफोनचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित हळू बोलतो. ज्यांना डाव्या कानानं मुळातच कमी ऐकू येतं त्यांनी विचार करावा.' एका घड्याळाखाली लिहिलं, 'पावलं मोजतं, पण बसल्या जागी हात हलवला तरी मोजतं. वजन कमी करायचं असेल तर याच्या भरवशावर राहू नये.' कुणी एका ओळीचा प्रश्न विचारला की हा दोन पानांचं उत्तर लिहायचा आणि शेवटी विचारायचा, "पण तुम्हाला हे हवंय कशाला?"

"अहो, तुम्ही विकताय की समजूत घालताय?" बाई मशीनवरून ओरडायची.

"माहिती दिली पाहिजे ना. समोर माणूस नाही, वस्तू हातात नाही. आपण नाही सांगितलं तर त्याला कोण सांगणार?"

"वापरल्यावर त्याचं त्याला कळेल!"

"म्हणूनच आधी सांगतो," गॅरंटी शांतपणे म्हणायचा.

बाई पायडल मारायची. तिचा स्वतःचा हिशेब चोख होता. पॅन्टची चेन बदलायची तर चेन इतक्याची, दोरा इतक्याचा, वेळ पाव तास, आणि बाकी राहील तो नफा. इथं नवरा एका हेडफोनवर पाचशे मिळवायचा आणि तो पाठवताना इतका फोम गुंडाळायचा की खोक्यात उशी आहे असं वाटावं. वर कानाच्या नव्या गाद्या फुकट, चार्जिंगची जास्तीची वायर फुकट, आणि स्वतःच्या अक्षरातली एक चिठ्ठी. आतबट्ट्याचा व्यवहार! तरी माल जात होता, कारण एकदा घेतलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत होतं. आणि आतल्या खोलीतून ब्रशनं बटणं घासता घासता गुणगुणणं ऐकू येत होतं. बाई रोज त्याला चार शब्द सुनवायची आणि रोज मनातल्या मनात म्हणायची, असाच बोलत राहा रे बाबा, वाटेल तितकं बोल.

यात दादानं तोंड घातलं. दादा म्हणजे बाईचा थोरला भाऊ, टाइल आणि नळांचा व्यापारी. त्याचं गोडाऊन एवढं मोठं होतं की त्यात टेम्पो वळायचा. एका रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना त्याला बहिणीचं प्रेम अनावर झालं.

"जावईबापू, धंदा म्हणजे मार्जिन. आमच्याकडे शेकडा वीसच्या खाली जो काम करतो तो धंदा करत नाही, झोपा काढतो. तुम्ही तीन महिने घ्या. सगळा खर्च जाऊन खरेदीवर शेकडा वीस सुटले, तर मी पुन्हा एक अक्षर बोलणार नाही. नाही सुटले तर सरळ माझ्या गोडाऊनवर या. मॅनेजर करतो, पगार देतो!"

सगळ्यांना भरून आलं. सगळ्यात जास्त दादाला स्वतःलाच आलं.

"शब्द दिला," गॅरंटी म्हणाला. आणि हा माणूस शब्द दिला की मोडत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

बाईनं हातातला घास ताटात ठेवला. नवऱ्यानं मेव्हण्याच्या हाताखाली, नळांच्या खोक्यांमध्ये, दिवसभर 'हो दादा, नाही दादा' करत बसायचं, म्हणजे पुन्हा ती भिंत आणि पुन्हा ते 'हं'. पण भाऊ मोठ्या मनानं बोलला होता. त्याला नाही कसं म्हणायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या दिवसापासून तिनं मापांच्या वहीत मागच्या पानांवर नवऱ्याचा हिशेब मांडायला घेतला. छाती, कंबर, उंची पुढच्या पानांवर. हेडफोन, घड्याळं, फोम मागच्या पानांवर. तीन महिने संपायला तीन दिवस उरले तेव्हा चित्र असं होतं: एकूण खरेदी दोन लाखांची. शेकडा वीस म्हणजे सुटायला हवेत चाळीस हजार. सुटलेत एकतीस. शिल्लक एकच नग, एक गेमचा कन्सोल, खरेदी तीस हजार. म्हणजे त्या एका डब्यानं नऊ हजार द्यायला हवेत. साइट विक्रीवर दहा टक्के कापते, पार्सल आणि फोमचे सहाशे. बाईनं खडूनं टेबलावर गुणाकार केला, पुसला, पुन्हा केला. चव्वेचाळीस हजारांना गेला पाहिजे. एक पैसा कमी नाही.

आशा होती. दोन महिने तो कन्सोल कुठल्याच दुकानात मिळत नव्हता. नवा अडतीस हजारांचा, पण लिलावात लोक बेचाळीस, पंचेचाळीस मोजत होते. फक्त गॅरंटीनं खाली लिहून ठेवलं होतं, 'पंखा थोडा आवाज करतो. भित्र्या माणसांनी रात्री एकट्यानं खेळू नये.' त्यामुळे रविवार उजाडला तरी बोली रडतखडत पस्तीस हजारांवर होती. लिलाव दुपारी तीनला संपणार होता.

मग बाईनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. साइटवर स्वतःचं खातं उघडलं. 'सुईदोरा' हे नाव घ्यायला गेली तर आधीच सहा सुईदोरे होते, म्हणून ही 'सुईदोरा७'. बेत साधा होता: विकत घ्यायचं नाही, नुसती बोली वर ढकलायची. दुसरा कुणी चव्वेचाळीसला पोचला की आपण हळूच बाजूला व्हायचं. तिच्या डब्यात शिलाईचे साठवलेले सव्वीस हजार होते, पण ते लागणारच नव्हते, मग मोजायचे कशाला?

दोनला दादा आला. तीन महिने आज पुरे होत होते; निकाल डोळ्यांनी बघावा म्हणून आलो, म्हणाला. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर, कापडाच्या डमीशेजारी बसला. बाई मशीनवर पडद्याची किनार मारत होती, फोन पडद्याखाली. आतल्या खोलीत गॅरंटी लॅपटॉपसमोर. दार अर्धं उघडं.

"कुठवर आलं, जावईबापू?" दादानं विचारलं.

"छत्तीस," आतून आवाज आला. "एक नर्सबाई आहेत. फार चांगल्या आहेत. ड्युटी संपली की राक्षस मारायला हवेत म्हणतात, त्याशिवाय झोप येत नाही."

"आणि वर कुणी?"

"हो, आत्ताच. 'निवांत५८'. साडेछत्तीस." मग कीबोर्डचा आवाज. "अरेरे. नर्सबाई म्हणतात, आता परवडत नाही, शुभेच्छा."

बाईनं पडद्याखाली बोट चालवलं. सदतीस हजार.

"टिंग," दादाचा फोन म्हणाला.

दादानं फोन काढला, कपाळाला आठी घातली, अंगठा दाबला आणि फोन खिशात टाकला. "गोडाऊनवरून," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

निवांत५८ साडेसदतीसवर गेला. बाई अडतीसवर गेली. "टिंग." निवांत साडेअडतीसवर. बाई एकोणचाळीसवर. "टिंग." दादाला घाम फुटायला लागला होता आणि पंखा तर त्याच्याच डोक्यावर फिरत होता.

"रविवारीसुद्धा गोडाऊन चालू?" बाईनं विचारलं.

"धंदा आहे बाई. धंद्याला रविवार नसतो," दादा म्हणाला आणि रुमालानं मान पुसली.

बाईचं बोट थांबलं. तिनं पक्कं करायचं ठरवलं. भावाच्या खिशाकडे बघत नुसते शंभर वाढवले. टिंग. आणखी शंभर. टिंग. शिवणकामात टाका कुठे चुकला हे जसं हाताला कळतं, तसं तिला कळलं. निवांत म्हणवणारा हा प्राणी तिच्यापासून चार हातांवर घाम पुसत बसला होता.

सख्खा भाऊ! तिला वाटलं, तिच्यासारखाच हासुद्धा मायेपोटी करतोय. डोळे भरून येणार इतक्यात तिला मागच्या वर्षीची ती दुपार आठवली. दादाची दाढ दुखत होती, म्हणून अर्धा दिवस गॅरंटी गोडाऊनवर बसला होता. अर्ध्या दिवसात त्यानं पाच गिऱ्हाइकं परत पाठवली. एकाला म्हणाला, "ही टाइल ओली झाली की घसरते. घरात म्हातारं माणूस आहे का?" दुसऱ्याला म्हणाला, "हाच नळ पुढच्या गल्लीत स्वस्त आहे, मी पत्ता लिहून देतो." दादा आला तेव्हा दारातल्या दारात त्याची दुसरी दाढ दुखायला लागली होती.

म्हणजे जेवणाच्या पंगतीत मोठ्या तोंडानं दिलेला शब्द दादाला घरी जाताजाताच महाग पडला होता. हात दाखवून अवलक्षण! आता जावईबापू गोडाऊनवर येऊ नयेत म्हणून हा पदरचे पैसे मोजायला निघाला होता. बाईला हसू फुटलं, ते तिनं पडद्यात लपवलं. मग राग आला. माझा नवरा याला इतका नकोसा? मग हिशेब आला. नकोसा तर नकोसा, दे चव्वेचाळीस.

तेवढ्यात तिच्या फोनवर विक्रेत्याचा निरोप आला. त्याच क्षणी दादाचाही फोन वाजला. दोघांनी आपापल्या फोनमध्ये डोकं घातलं.

'मान्यवर ग्राहक, सप्रेम नमस्कार. आपण माझ्या वस्तूला भाव देत आहात याबद्दल आभार. पण आत्ताच एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की बुधवारी हाच कन्सोल दुकानांत येतो आहे, नवा कोरा, अडतीस हजारांना. आपण त्याच्या वर गेला आहात. कृपया थांबावं. खरं सांगायचं तर मला चव्वेचाळीस हवे होते. तेवढे आले नाहीत तर उद्यापासून मला मेव्हण्यांच्या गोडाऊनवर जावं लागेल. ते माणूस चांगले आहेत, पण तिथं मी सुखी होईन असं मला वाटत नाही. अर्थात हा माझा प्रश्न आहे, तुमचा नाही. माझ्या पत्नीनं मला या काळात फार सांभाळून घेतलं, तिच्यासाठी तरी जमायला हवं होतं. पंखा आवाज करतो हे वर लिहिलं आहेच. आपला नम्र, विक्रेता.'

बाईनं ते दोनदा वाचलं. चोवीस वर्षांत हा माणूस तिला असं काही बोलला नव्हता, आणि एका अनोळखी सुईदोऱ्याला सप्रेम नमस्कार घालून सगळं सांगून मोकळा झाला होता. तिला रडू आलं. उठावं, आत जावं आणि एकदा त्याच्या पाठीत धपाटा घालावा, मग जवळ घ्यावं, असं तिला वाटलं. पण घड्याळात तीनला चार मिनिटं कमी होती.

दादाही वाचत होता. त्याचे कान लाल झाले होते. हा माणूस आपल्या गोडाऊनवर बसून टाइलच्या गिऱ्हाइकांना काय काय लिहील, हे त्याला त्या निरोपात स्पष्ट दिसत होतं. त्यानं डोळे मिटून अंगठा दाबला. एकदम त्रेचाळीस हजार.

"अरे देवा," आतून गॅरंटी कळवळला. "यांना वाचता येत नाही का?"

बाईनं पदरचं सगळं धैर्य गोळा केलं. उद्या शिव्या खाईन, पण आज नाही थांबणार. साडेत्रेचाळीस. दादानं दातओठ खाऊन चव्वेचाळीस हजार दोनशे टाकले. बाईनं फोन पालथा ठेवला आणि पडद्याची किनार मारायला लागली. ती किनार पुढे सगळी उसवावी लागली. तीन वाजले.

मग गॅरंटी दारात आला, तोंड एवढंसं करून.

"चव्वेचाळीस हजार दोनशे," तो म्हणाला.

"वा! वा!" दादा खुर्चीतून उडालाच. "शेकडा वीस! वर थोडे जास्तच. अभिनंदन, जावईबापू! आता मी एक अक्षर बोलणार नाही. येतो मी."

"थांबा दादा. हे बरोबर नाही. तीन दिवसांनी जी वस्तू अडतीसला मिळणार तिचे चव्वेचाळीस कसे घ्यायचे? मी त्या निवांतांना फोन करून अडतीसलाच देतो म्हणून सांगतो. साइटनं नंबर दिलाय."

"नको!" दादा ओरडला. "म्हणजे, कशाला त्रास त्यांना? झोपले असतील. निवांत आहेत ना."

पण गॅरंटीनं कागदावरून एकेक आकडा बघून दाबला. मग फोन कानापासून लांब धरला आणि चष्मा वर केला. "कमाल आहे. हा फोन मला दादांचं नाव दाखवतोय. बिघडला वाटतं. मी स्वतः तपासून घेतला होता, गॅरंटी."

आणि दादाच्या खिशात घंटी वाजायला लागली. दादानं खिशावर हात दाबून धरला, पण घंटी काही थांबली नाही. गॅरंटी फोन कानाला लावून विनयानं वाट बघत उभा राहिला. कुणीतरी उचलेपर्यंत तो उभाच राहिला असता.

"दादा, उचल रे," शेवटी बाई म्हणाली. "बिल वाढतंय."

मग जे झालं ते कुठल्याच बाजारात कधी झालं नसेल. गिऱ्हाईक भाव वर नेत होतं आणि दुकानदार खाली आणत होता.

"चव्वेचाळीस दोनशे. ठरलं म्हणजे ठरलं," दादा म्हणाला.

"अडतीस. आणि घरचं माणूस म्हणून छत्तीस."

"अहो, मी खुशीनं देतोय! पंचेचाळीस घ्या!"

"चौतीस. पंखा आवाज करतो."

"जावईबापू, तुमच्या पाया पडतो."

"दादा, तुम्ही गेम खेळता?" गॅरंटीनं काळजीनं विचारलं. "तुम्हाला हे हवंय कशाला?"

दादानं रुमालाची घडी घातली. तो बहिणीकडे बघायला लागला. बाईनं मापांची वही काढली, मागचं पान उघडलं आणि दोघांच्या मध्ये टेबलावर आपटली.

"हा सौदा रद्द," ती म्हणाली. "घरातल्या घरात पैसे फिरवायचे आणि दहा टक्के साइटला वाहायचे, ही कुठली अक्कल? तो डबा त्या नर्सबाईंना छत्तीसला द्या. त्यांना राक्षस मारायचेत. त्यात सुटतात अठराशे. म्हणजे सगळे मिळून बत्तीस हजार आठशे. शेकडा सोळा आणि वर थोडे. दादा, वीसचा नियम तुझा होता. माझ्या घरात सोळा चालतात."

"चालतात, चालतात!" दादा म्हणाला. ज्यानं जन्मात कुणाला शेकडा अर्धा सोडला नाही, त्यानं एका दमात साडेतीन सोडले.

"चालत नाहीत," गॅरंटी म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे बघायला लागली.

"मी वीसचा शब्द दिला होता. वीस झाले नाहीत. उद्या सकाळी नऊला मी गोडाऊनवर हजर होतो. शब्द म्हणजे शब्द." तो भिंतीकडे बघत होता.

सोळा टक्क्यांशी भांडता येतं, या माणसाच्या खरेपणाशी भांडता येत नाही. मग तिला वाटलं, भांडायचं कशाला? त्यालाच खरं विचारावं.

"अहो, उद्या गोडाऊनवर गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, ही टाइल कशी आहे, तर काय सांगाल?"

"जशी असेल तशी."

"घसरणारी असेल तर?"

"घसरते म्हणून सांगणार."

"आणि पुढच्या गल्लीत स्वस्त असेल तर?"

"पत्ता लिहून देणार," गॅरंटी म्हणाला. त्याला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

"दादा," बाई भावाकडे वळली, "तुला असा मॅनेजर हवाय? खरं बोल. माझी भीड ठेवू नको."

दादानं रुमाल तोंडावरून फिरवला. बहिणीच्या तोंडावर तिच्या नवऱ्याला नाही म्हणायचं, हे त्याला चव्वेचाळीस हजारांहून महाग वाटत होतं. पण सुटकाही त्यातच होती.

"जावईबापू," तो खाली बघत म्हणाला, "मला तुम्ही गोडाऊनवर नको आहात. मीच मोठेपणा करायला गेलो. माझा शब्द मी परत घेतो. मला माफ करा. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही, आणि माझ्याकडे तो परवडणार नाही."

गॅरंटीनं विचार केला. शब्द ज्यानं मागितला त्यानंच परत घेतला, तर देणारा मोकळा होतो की नाही, हे त्यानं नीट तोलून पाहिलं असावं, कारण बराच वेळ गेला. मग त्याचा चेहरा उजळत गेला. "असं आधीच सांगायचं ना, दादा," तो म्हणाला. "मला तर तिकडं यायचंच नव्हतं." आणि दादाला त्यानं दारापर्यंत पोचवलं. जाताना स्वतःच्या वापरातला हेडफोन भेट दिला, त्याच्याही डाव्या कानाची सगळी हकीकत सांगून.

परत येऊन तो लॅपटॉपसमोर बसला, तेव्हा गुणगुणत होता. नर्सबाईंना लिहिलं, दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, त्यात तीन आनंदाची चित्रं होती.

"आता त्या सुईदोऱ्यालाही चार ओळी लिहितो," तो म्हणाला. "बिचाऱ्यानं शेवटपर्यंत जीव तोडून बोली लावली. हळहळत बसला असेल."

"लिहू नका," बाई दारात उभी राहून म्हणाली. "ती मी होते."

गॅरंटी वळला. बाईनं सगळं सांगितलं, नऊ हजारांचं, गोडाऊनचं, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या सहा महिन्यांचं. पुन्हा तुम्ही तसे बसलात तर मी काय करू, असं म्हणताना तिला हुंदका आवरला नाही. त्यानं उठून तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"साडेत्रेचाळीस हजार होते तुझ्याकडे?" मग त्यानं हळूच विचारलं.

"सव्वीस."

"म्हणजे घ्यायचं नव्हतंच?"

"छे! मला काय करायचाय तो डबा?"

गॅरंटीचा चेहरा गंभीर झाला. "दादांकडे पैसे होते, ते घेणार होते. ती बोली खरी. तुझी खोटी. तुझ्यामुळे वस्तूला नसलेली मागणी दिसली आणि भाव फुगला. नियमाप्रमाणे अशा ग्राहकाची तक्रार करावी लागते. साइट खातं बंद करते."

"करा," बाई डोळे पुसत म्हणाली. "मला पुन्हा उघडायचंही नाही."

त्यानं खरोखरच तक्रारीचं पान उघडलं. ग्राहकाचं नाव: सुईदोरा७. खाली कारणाचा चौकोन होता. गॅरंटीनं चष्मा पुसला आणि एका बोटानं सावकाश लिहिलं. बाई खांद्यावरून वाचत होती.

'या ग्राहकाचा हेतू खरेदीचा नव्हता. विक्रेत्यावर जीव असल्यामुळे बोली लावली.'

"अहो, पहिलं वाक्य पुरे आहे," ती लाजून म्हणाली. "दुसरं खोडा."

"अर्धवट माहिती देऊन कसं चालेल?" गॅरंटी म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.